बाजारातील नोंदणी आणि सत्यम कंपनी : जानेवारी २००९ ते जून २०१३

सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही कंपनी २४ जून १९८७ रोजी हैदराबादेत स्थापन झाली आणि जून २०१३ मध्ये टेक महिंद्रा कंपनीत विलीन होऊन तिचे स्वतंत्र अस्तित्व संपुष्टात आले. या सव्वीस वर्षांपैकी पहिल्या एकवीस वर्षांच्या उत्कर्षाची वर्णने कंपनीच्या वार्षिक अहवालांतून आणि तत्कालीन नियतकालिकांतून विपुल सापडतात. परंतु त्या उत्कर्षाचे आकडे बनावट होते असे पुढे खुद्द संस्थापकांनीच लिहून दिल्यामुळे इतिहासाचे साधन म्हणून त्या वर्णनांवर विसंबण्याची सोय उरलेली नाही. अखेरच्या साडेचार वर्षांची गोष्ट निराळी आहे. या काळात कंपनीपाशी ना कीर्ती होती ना भरवशाचा जमाखर्च. होते ते काम करणारे लोक, न डगमगलेले काही ग्राहक आणि मुंबई व न्यूयॉर्क येथील भागबाजारांच्या सूचीत अद्यापि शाबूत असलेले स्वतःचे नाव. ते नाव राखण्यासाठी जो दीर्घ, किचकट आणि बहुतांशी लोकांच्या नजरेआड चाललेला प्रयत्न झाला, तो मुंबईत सफल झाला आणि न्यूयॉर्कमध्ये निष्फळ ठरला. आमच्या मते या संस्थेच्या इतिहासातील सर्वांत प्रामाणिक पान त्या न्यूयॉर्कमधील अपयशाचेच आहे, आणि म्हणून या वृत्तांतात त्याला अधिक जागा दिली आहे.

पूर्वार्ध थोडक्यात सांगता येईल. बी. रामलिंग राजू आणि त्यांचे आप्त यांनी मोजक्या माणसांनिशी सुरू केलेल्या या उद्योगाला १९९१ च्या सुमारास अमेरिकेतील डीअर अँड कंपनी ही शेतीच्या यंत्रांची विख्यात पेढी पहिला मोठा ग्राहक म्हणून लाभली. १९९२ साली कंपनीने जनतेकडून भांडवल उभारले आणि तिच्या भागांची मुंबई शेअर बाजारात नोंदणी झाली. शतक पालटताना जगभरच्या संगणकांना भेडसावणाऱ्या 'वायटूके' दोषाच्या दुरुस्तीने इतर भारतीय कंपन्यांप्रमाणे तिच्याही हाताला भरपूर काम दिले. आणि १५ मे २००१ रोजी 'एस-ए-वाय' या तीन अक्षरी खुणेने तिच्या अमेरिकन डिपॉझिटरी पावत्या न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवर खरेदी-विक्रीस खुल्या झाल्या. एका पावतीमागे कंपनीचे दोन भाग ठेव म्हणून राखलेले असत. २००८ साली वार्षिक उत्पन्न दोन अब्ज डॉलरच्या पुढे गेल्याचे आणि सेवकवर्ग पन्नास हजारांवर पोचल्याचे कंपनीने जाहीर केले, आणि त्याच वर्षी उत्तम कारभाराबद्दलचे 'गोल्डन पीकॉक' पारितोषिकही तिला मिळाले, जे पुढे परत घेण्यात आले.

भागबाजाराच्या सूचीत नाव असणे म्हणजे नेमके काय, हे पुढील हकिकतीच्या आकलनासाठी आरंभीच स्पष्ट केलेले बरे. १८७५ साली मुंबईच्या दलालांनी आपला संघ स्थापन केला तेव्हापासून आजतागायत या व्यवहाराचे मूळ तत्त्व बदललेले नाही: कंपनीला लोकांचा पैसा मिळतो, आणि त्याच्या मोबदल्यात तिला आपले दफ्तर ठरावीक मुदतीने लोकांपुढे उघडावे लागते. दर तिमाहीचे निकाल, वर्षाअखेरचा तपासलेला ताळेबंद, भागांच्या किमतीवर परिणाम होईल अशी प्रत्येक घडामोड विनाविलंब कळवणे, हे सारे बाजाराशी केलेल्या लेखी कराराने तिच्यावर बंधनकारक होते. या शर्ती मोडल्या तर प्रथम व्यवहार तहकूब होतात आणि अखेरीस नाव सूचीतून काढले जाते. नाव निघाल्याने कंपनी बुडते असे नव्हे. परंतु लहान भागधारकाला आपला भाग विकावा तर गिऱ्हाईक मिळत नाही आणि ठेवावा तर त्याची किंमत कळत नाही, अशा कोंडीत तो सापडतो. शिवाय परदेशी ग्राहकांचे जमाखर्च, पगारपत्रके आणि बँक-व्यवहार सांभाळणाऱ्या कंपनीच्या बाबतीत ही नोंदणी चारित्र्याच्या दाखल्याचेही काम करते; न्यूयॉर्कच्या सूचीतील नाव पाहून अमेरिकेतील कित्येक व्यवस्थापकांनी सत्यमला काम दिले होते.

संकटाची चाहूल १६ डिसेंबर २००८ रोजी लागली. राजू कुटुंबाच्याच मालकीच्या मेटास प्रॉपर्टीज आणि मेटास इन्फ्रा या जमीनजुमल्याच्या व बांधकामाच्या दोन कंपन्या सुमारे १ अब्ज ६० कोटी डॉलरना विकत घेण्याचा ठराव संचालक मंडळाने मंजूर केला, आणि त्याच रात्री न्यूयॉर्कमध्ये सत्यमच्या पावत्यांची किंमत निम्म्याहून खाली आली. काही तासांतच ठराव मागे घेण्यात आला. परंतु संगणक-कंपनीच्या तिजोरीतील पैसा घरच्या बांधकामात का घालायचा, या प्रश्नाचे उत्तर कोणालाच मिळाले नाही. त्यामागोमाग जागतिक बँकेने आठ वर्षे सत्यमला काम न देण्याचा निर्णय घेतल्याचे उघड झाले, एकामागून एक स्वतंत्र संचालकांनी राजीनामे दिले आणि सावकारांकडे गहाण पडलेले प्रवर्तकांचे भाग बाजारात विकले जाऊ लागले. खरा उलगडा ७ जानेवारी २००९ च्या सकाळी झाला. राजू यांनी संचालक मंडळास लिहिलेल्या पत्रात कबुली दिली की, ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक-शिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. ३७६ कोटींचे येणे व्याज काल्पनिक आहे. आपण उभ्या केलेल्या पैशापोटी १,२३० कोटींचे देणे वह्यांत दाखवलेलेच नाही. आणि ऋणकोंकडील येणे ४९० कोटींनी फुगवलेले आहे. सप्टेंबरअखेरच्या तिमाहीत ६४९ कोटींचा म्हणून जाहीर केलेला कामकाजाचा नफा वस्तुतः अवघा ६१ कोटींचा होता. मेटासची खरेदी हा खोट्या मालमत्तेच्या जागी खरी मालमत्ता बसवण्याचा शेवटचा प्रयत्न होता, असेही त्यांनी त्यात नमूद केले.

हा खोटेपणा प्रत्यक्षात कसा चालत असे, हे जवळून पाहण्याजोगे आहे, कारण पुढे हिशेब दुरुस्त करणाऱ्यांना ज्या अडचणींशी झगडावे लागले त्यांचे बीज तेथेच आहे. ग्राहकांना पाठवायची बिले कंपनीच्या संगणकातील एका स्वतंत्र व्यवस्थेत तयार होत. या व्यवस्थेत विशेष अधिकाराने शिरून बिलाला दोनपैकी एक खूण लावता येई: एका खुणेचे बिल सर्व संबंधितांना दिसे, दुसऱ्या खुणेचे बिल दडलेले राही. दडलेले बिल त्या कामाच्या विभागप्रमुखाला कधीच दिसत नसे व ग्राहकाला कधीच पाठवले जात नसे. मात्र वर्षाच्या उत्पन्नात त्याची रक्कम इमानेइतबारे मिळवली जाई. अशी सहा हजारांहून अधिक बिले तपासात आढळली. बिलाचे पैसे वसूल झाल्याचे दाखवायचे तर बँकेत शिल्लक दिसली पाहिजे, म्हणून बँकांची बनावट पत्रके तयार झाली. शिल्लक फार वाढली म्हणून मुदतठेवींच्या बनावट पावत्या तयार झाल्या. आणि ठेवींवर व्याज हवे म्हणून व्याजही लिहिले गेले. हजारो अभियंते ज्या बिलांसाठी खरोखर राबले त्या खऱ्या बिलांच्या शेजारीच, त्याच वह्यांत, त्याच क्रमाने ही खोटी बिले नांदत होती. एखाद्या दुकानाचा गल्ला लुटला गेला तर उरलेल्या नाण्यांवर तरी संशय घेण्याचे कारण नसते. येथे प्रत्येक नोंदीची नव्याने रुजवात घातल्यावाचून कोणतीच नोंद खरी मानता येत नव्हती.

कबुलीच्या आदल्या दिवशी १७९ रुपयांवर असलेला सत्यमचा भाग ७ जानेवारीच्या बुधवारी चाळीस रुपयांच्या खाली आला. गुरुवारी मोहरमची सुटी पडली, आणि शुक्रवारी तो पंचवीस रुपयांच्याही आत घसरला. आदल्याच वर्षी याच भागाला पाचशे रुपयांच्या पलीकडे भाव होता. सेन्सेक्स आणि निफ्टी या दोन्ही निर्देशांकांतून सत्यमला वगळण्यात आले. न्यूयॉर्कच्या बाजाराने व्यवहार काही दिवस तहकूब ठेवले आणि ते पुन्हा सुरू झाले तेव्हा नऊ डॉलरच्या वरची पावती एक-दीड डॉलरवर आली होती. परंतु भाव घसरण्यापेक्षाही गंभीर घटना आठवड्याभराने घडली. प्राइस वॉटरहाउस या हिशेबतपासनीस पेढीने, आपण दिलेल्या पूर्वीच्या दाखल्यांवर आता कोणी विसंबू नये, असे कळवले. भाव पडलेली कंपनी बाजाराच्या सूचीत राहू शकते. जिच्यापाशी तपासलेला एकही ताळेबंद नाही अशी कंपनी राहू शकते काय, हा प्रश्न त्या दिवसापासून उभा राहिला.

केंद्र सरकारने या प्रसंगी दाखवलेली तत्परता निःसंशय प्रशंसनीय होती. पत्र प्रसिद्ध झाल्यापासून दोन दिवसांत कंपनी लॉ बोर्डाच्या हुकमाने जुने संचालक मंडळ बरखास्त झाले आणि त्याच आठवड्याच्या अखेरीस सरकारनियुक्त संचालकांची पहिली नावे जाहीर झाली. मुंबईच्या एचडीएफसीचे दीपक पारेख, नॅसकॉमचे माजी अध्यक्ष किरण कर्णिक आणि रोखे अपील न्यायाधिकरणाचे माजी प्रमुख सी. अच्युतन हे तिघे प्रथम आले. मागाहून उद्योगक्षेत्रातील तरुण दास, हिशेबतपासनिसांच्या अखिल भारतीय संस्थेचे माजी अध्यक्ष टी. एन. मनोहरन आणि आयुर्विमा महामंडळाचे एस. बालकृष्ण मैनक येऊन मिळाले. सरकारने तिजोरीतून मदत दिली नाही. दिली ती मान्यवर माणसे आणि कायद्याची सवड. या सहा जणांपुढे पहिला प्रश्न महिनाअखेरच्या पगाराचा होता. बँकेत किती पैसे आहेत हे निश्चित सांगू शकेल असा कागदच विश्वासाचा नसल्यामुळे बँकांकडे स्वतंत्र विचारणा करावी लागली, ग्राहकांकडे थकलेल्या वसुलीचा तगादा लावावा लागला आणि पुढे ६०० कोटींच्या कर्जाची तजवीज करावी लागली. पगार झाले. ग्राहकांपैकी काही निघून गेले, पुष्कळ टिकले. २०१० च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेच्या संगणक-सेवेचे फिफाने दिलेले कंत्राट सत्यमकडेच राहिले आणि दक्षिण आफ्रिकेत ते तिने यथासांग पार पाडले.

आता नोंदणीच्या मूळ प्रश्नाकडे वळू. मुंबईतील दोन्ही भागबाजार, त्यांची नियामक संस्था सेबी आणि कंपनी लॉ बोर्ड यांनी परस्परांच्या अखत्यारांचा मेळ घालून असा मार्ग काढला की, नवे हिशेब तयार होईपर्यंत निकाल प्रसिद्ध न केल्याबद्दल कंपनीचे नाव कापले जाऊ नये. नियमाचा काटेकोर अर्थ लावला असता तर सत्यमचे भाग व्यवहारातून बाद करता आले असते; परंतु त्या शिक्षेचा आघात ज्यांनी खोटेपणा केला त्यांच्यावर न होता, ज्यांची फसवणूक झाली त्या लाखो भागधारकांवर झाला असता. हा विवेक आम्हांस महत्त्वाचा वाटतो. शिवाय बाजार चालू राहिल्यामुळेच कंपनीला नवा धनी शोधणे शक्य झाले, कारण जिच्या भागाला रोज भाव फुटतो तिचीच बोली लावता येते. सेबीने कंपन्यांच्या ताबाबदलाच्या नियमांत आवश्यक तो फेरफार केला आणि निवृत्त सरन्यायाधीश एस. पी. भरुचा यांच्या देखरेखीखाली बंद लखोट्यांतून बोली मागवण्यात आल्या.

१३ एप्रिल २००९ रोजी हे लखोटे उघडण्यात आले. टेक महिंद्राने दर भागास ५८ रुपये, लार्सन अँड टुब्रोने ४५ रुपये ९० पैसे आणि अमेरिकन गुंतवणूकदार विल्बर रॉस यांच्या पेढीने २० रुपये देऊ केले होते. दुसरी बोली पहिलीच्या ९० टक्क्यांच्या आत आली तर उभय पक्षांत खुला लिलाव व्हावा अशी शर्त होती. तेवढी जवळीक न आल्यामुळे निकाल तेथेच लागला. एकतीस टक्के भागांसाठी १,७५७ कोटी रुपये नव्याने कंपनीत आले. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, हे पैसे देणाऱ्यांच्या हाती सत्यमचा तपासलेला ताळेबंद नव्हता. विकत घेतली जात होती ती वस्तुतः माणसे, कंत्राटे आणि बाजारातील जागा. त्यानंतर इतर भागधारकांना त्याच भावाने भाग विकत घेण्याचा देकार देण्यात आला, पण तोवर बाजारभाव ५८ च्या वर चढला असल्यामुळे फारच थोड्यांनी आपले भाग दिले. ज्या भागाला जानेवारीत कोणी हात लावीत नव्हते तो जूनमध्ये विकायला धनी राजी नव्हते, ही बाजार चालू ठेवण्याच्या निर्णयाची पहिली पावती होय.

अशा रीतीने हैदराबादच्या कंपनीचा कारभार पुण्याच्या कंपनीकडे आला. मुंबईच्या महिंद्रा समूहाने ब्रिटिश टेलिकॉमच्या भागीदारीत १९८६ साली स्थापलेली आणि एरंडवण्यातील शारदा सेंटरमधून चालणारी टेक महिंद्रा ही संख्याबळाने सत्यमच्या निम्म्याच्या आसपास होती. विनीत नय्यर आणि सी. पी. गुरनानी यांनी सूत्रे हाती घेतली आणि जून २००९ मध्ये कंपनीचे व्यवहारातील नाव 'महिंद्रा सत्यम' झाले. जुने नाव संपूर्ण टाकून द्यावे असा आग्रह त्या वेळी अनेकांनी धरला होता. ते राखले गेले हे योग्यच झाले असे आम्हांस वाटते, कारण त्या नावाखाली हजारो माणसांनी खरे काम केले होते. या माणसांना मात्र किंमत मोजावी लागली. ज्यांना तत्काळ काम देता येत नव्हते अशा हजारो सेवकांना सहा महिन्यांसाठी केवळ मूळ वेतनावर 'व्हर्च्युअल पूल' नामक राखीव ताफ्यात ठेवण्यात आले. त्यांपैकी काही परत कामावर आले, अनेकांनी दुसरीकडे वाट शोधली. सत्यमच्या वाचण्याची कथा सांगताना या लोकांचा उल्लेख सहसा होत नाही. त्यांच्या वेतनातील कपातीने कंपनीचे मासिक खर्चाचे ओझे हलके झाले, आणि म्हणून या इतिहासात त्यांचे नाव संचालकांच्या बरोबरीने घेतले पाहिजे.

सर्वांत दीर्घ काम वह्यांचे होते. डेलॉइट आणि केपीएमजी या पेढ्यांच्या हिशेबनिसांना एका मर्यादेपर्यंत तरी वर्षानुवर्षांची कीर्द-खतावणी नव्याने उभी करायची होती. मूळ कागदपत्रे केंद्रीय अन्वेषण विभागाच्या ताब्यात होती. सेबी, गंभीर आर्थिक गुन्ह्यांचे कार्यालय, प्राप्तिकर खाते आणि अमेरिकन नियामक यांचे तपास एकाच वेळी चालू होते. ज्यांना जुन्या नोंदींचा अर्थ ठाऊक होता त्यांपैकी काही तुरुंगात होते. त्यामुळे काम बाहेरून आत करावे लागले: बँकेच्या खऱ्या उताऱ्यावरून जमा ठरवायची, ग्राहकाच्या पत्रावरून बिल ठरवायचे, आणि वहीतील जी नोंद कशाशीच जुळत नाही ती वेगळी काढून ठेवायची. अशा न जुळणाऱ्या नोंदी अखेरपर्यंत उरल्याच. त्यांत सर्वांत मोठी बाब १,२३० कोटींची होती. सदतीस कंपन्यांनी एकाच सुरात मागणी केली की, ही रक्कम आम्ही सत्यमला उसनी दिली होती, ती परत करा. ठरावाशिवाय, कराराशिवाय व दस्तऐवजाशिवाय झालेल्या या कथित देवघेवीची जबाबदारी घेण्यास नव्या व्यवस्थापनाने नकार दिला आणि प्रकरण न्यायालयात गेले.

कंपनी लॉ बोर्डाने हिशेब सादर करण्याची मुदत वेळोवेळी वाढवून दिली होती, आणि शेवटची मुदत ३० सप्टेंबर २०१० ची होती. आदल्या दिवशी, २९ सप्टेंबरला, महिंद्रा सत्यमने दोन वर्षांचे हिशेब एकदम प्रसिद्ध केले. मार्च २००९ अखेरच्या वर्षात ८,८१३ कोटींच्या उत्पन्नावर ८,१७७ कोटींचा तोटा, आणि त्यापुढील वर्षात ५,४८१ कोटींच्या उत्पन्नावर सुमारे १२५ कोटींचा तोटा, असे ते आकडे होते. पहिल्या वर्षाच्या प्रचंड तोट्यात मागील सर्व वर्षांच्या खोट्या नफ्याचे परिमार्जन झालेले होते. हिशेबतपासनिसांनी अनेक बाबींवर आपले मत राखून ठेवले होते, आणि त्याची कारणेही लिहिली होती. तरीही भारतीय कायद्याच्या दृष्टीने कंपनीचे दफ्तर पुन्हा उघडले गेले, भागधारकांची सभा भरू शकली, आणि मुंबईतील नोंदणीवरचे सावट दूर झाले.

न्यूयॉर्कचा प्रश्न याहून बिकट होता. तेथील बाजाराच्या दोन शर्ती सत्यमला आड येत होत्या. एक किमतीची: सलग तीस व्यवहारदिवसांची सरासरी एका डॉलरच्या खाली गेली की कंपनीला नोटीस मिळते. जागतिक मंदीमुळे २००९ च्या पूर्वार्धात न्यूयॉर्कच्या बाजाराने ही शर्त सर्वांसाठीच काही महिने स्थगित ठेवली होती, आणि पुढे सत्यमच्या पावत्यांचा भाव सावरल्याने तो धोका टळला. दुसरी शर्त वार्षिक अहवालाची, आणि तिच्यातून सुटका नव्हती. परदेशी कंपनीने आपला अहवाल अमेरिकन रोखे आयोगाकडे दाखल करायचा असतो. तो थकला तर बाजार प्रथम सहा महिने व फार तर आणखी सहा महिने वाट पाहतो. मार्च २००९ अखेरचा अहवाल थकल्यापासून मोजता ही वर्षाची सवड १५ ऑक्टोबर २०१० रोजी संपत होती. भारतीय हिशेब प्रसिद्ध होऊन जेमतेम पंधरवडा झाला होता; पण तेच हिशेब इंग्रजीत आहेत म्हणून अमेरिकेत चालण्यासारखे नव्हते. ते अमेरिकन पद्धतीने नव्याने मांडायला हवे होते, आणि त्याहून अवघड म्हणजे त्यांवर हिशेबतपासनिसाचा निरपवाद दाखला हवा होता. भारतात तपासनीस आपले मत राखून ठेवू शकतो आणि तसा अहवालही कायद्याने अहवालच असतो. अमेरिकन आयोगाच्या लेखी राखून ठेवलेले मत म्हणजे न दिलेला दाखला. सदतीस कंपन्यांच्या मागणीचा निकाल नाही, न जुळणाऱ्या नोंदींचा उलगडा नाही, कागद पोलिसांच्या ताब्यात, अशा स्थितीत निरपवाद दाखला देणारा तपासनीस मिळणे अशक्य होते.

आपण ही मुदत पाळू शकणार नाही, असे कंपनीने उघडपणे कळवले. ऑक्टोबर २०१० च्या मध्यास न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवरील 'एस-ए-वाय' चे व्यवहार बंद झाले, आणि तिच्या पावत्या 'पिंक शीट्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, बाजाराच्या चौकटीबाहेरील दलालांच्या व्यवहारात गेल्या. नऊ वर्षे पाच महिन्यांची नोंदणी अशी संपली. त्या दिवसांत याचे वर्णन 'नामुष्की' या शब्दाने झाले. आमचा अभिप्राय वेगळा आहे. या कंपनीच्या मागील संचालकांनी वर्षानुवर्षे प्रत्येक मुदत बिनचूक पाळली होती. तिमाही संपली की ठरल्या तारखेला आकडे हजर असत, आणि ते खोटे असत. २०१० साली प्रथमच असे घडले की, जे आकडे आपण छातीठोकपणे सांगू शकत नाही त्यांवर सही न करता मुदत गेली तर जाऊ द्यावी, आणि तिच्याबरोबर न्यूयॉर्कची जागाही गेली तरी सोसावी, असा निर्णय या संस्थेच्या नावाने घेतला गेला. सूचीतील नावाचे खरे मोल त्यामागच्या हिशेबाच्या सचोटीत असते, हे ज्यांनी नोंदणी गमावली त्यांना ती मिळवणाऱ्यांपेक्षा अधिक चांगले कळले होते असे म्हणावे लागते. अमेरिकेतील भागधारकांचे यात नुकसान झाले हे खरे. त्यांनी दाखल केलेल्या सामुदायिक दाव्यात फेब्रुवारी २०११ मध्ये साडेबारा कोटी डॉलरची तडजोड झाली, आणि एप्रिलमध्ये अमेरिकन रोखे आयोगाला एक कोटी डॉलर दंड भरून कंपनीने ते प्रकरण मिटवले. २०१२ साली अमेरिकन पावत्यांची योजनाच गुंडाळण्यात आली.

या प्रकरणाचे पडसाद कायद्यात उमटले. २०१३ च्या कंपनी कायद्यात हिशेबतपासनिसांची ठरावीक मुदतीने अदलाबदल, भागधारकांना सामुदायिक दाव्याचा हक्क आणि गंभीर आर्थिक गुन्ह्यांच्या कार्यालयाला वैधानिक दर्जा या तरतुदी आल्या, त्यांमागे सत्यमचा अनुभव होता हे सर्वमान्य आहे. एप्रिल २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजू यांच्यासह दहा जणांना दोषी ठरवून राजू यांना सात वर्षांची शिक्षा दिली. अपिलात पुढच्याच महिन्यात शिक्षेला स्थगिती मिळाली. परंतु तोवर ज्या कंपनीविषयी हा खटला होता ती उरलेली नव्हती. मार्च २०१२ मध्ये टेक महिंद्रा आणि महिंद्रा सत्यम यांच्या विलीनीकरणाचा ठराव झाला होता. मुंबई व आंध्र प्रदेश या दोन्ही उच्च न्यायालयांची मंजुरी मिळून जून २०१३ अखेर तो अमलात आला. सत्यमच्या दर सतरा भागांस टेक महिंद्राचे दोन भाग या प्रमाणात बदली झाली, आणि त्यानंतर काही दिवसांतच मुंबईच्या बाजारातील सत्यमची नोंदणी, कोणत्याही शिक्षेने नव्हे तर तिच्याच भागधारकांच्या संमतीने, बंद झाली. सदतीस कंपन्यांची १,२३० कोटींची मागणी मात्र विलीनीकरणाबरोबर पुण्यास आली, आणि टेक महिंद्राच्या ताळेबंदात ती रक्कम त्यानंतरही कित्येक वर्षे उचंत खात्यावर दाखवली जात राहिली.